पहिले पुस्तक

कोणत्याही विद्येची गोडी लागणे अथवा तिची धास्ती बसणे, हे पुष्कळदा पहिल्या पुस्तकावर ठरते. संगणकाची आज्ञावली लिहिण्याची विद्याही त्याला अपवाद नाही.

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात मराठी माध्यमातून बारावी झालेला एक मुलगा आहे. आईने हळदीच्या पैशांतून त्याला पायथन या संगणकभाषेचे एक जाडजूड, जुने पुस्तक घेऊन दिले. पहिल्या धड्यातील ओळ त्याने जशीच्या तशी उतरवली, तरी संगणकाने चूक दाखवली. "फादर, हे माझ्या डोक्याबाहेरचं आहे," तो आम्हाला म्हणाला.

दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत 'प्रिंट' या आज्ञेपुढे कंस देणे अनिवार्य झाले. पुस्तक त्यापूर्वीचे होते. ओळखीच्या एका शिक्षकांनी कंस घातला, आणि ओळ पडद्यावर उमटली. टर्बो सी या जुन्या साधनासाठी लिहिलेली सी भाषेची पुस्तकेही आज अशीच अडतात. म्हणून पहिली कसोटी ही, की पुस्तकातील धडा आपल्यापुढील संगणकावर चालतो काय?

दुसरी कसोटी, ते कोणासाठी लिहिले आहे? कर्निघन व रिची यांचा सी भाषेवरील १९७८ सालचा ग्रंथ जगन्मान्य आहे. परंतु तो अगदी नवशिक्यांसाठी नव्हे, हे त्या लेखकांनीच प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. सेमिनरीत ग्रीक शिकताना आमच्याही हाती आधी बृहत्कोश नव्हे, तर पातळशी प्राथमिक पुस्तिकाच आली होती.

तिसरी कसोटी स्वाध्यायांची. काठावर बसून पोहणे येत नाही. धडा संपताच स्वतः सोडवावयास उदाहरणे हवीत.

खर्चाची चिंता मात्र नको. एनसीईआरटीचे अकरावीचे संगणकशास्त्राचे पुस्तक पायथन शिकविते आणि ते इंटरनेटवर विनामूल्य मिळते. ॲलन डाउनी यांचे 'थिंक पायथन'ही तसेच. इंग्रजीची अडचण खरीच. त्यासाठी एक वही करावी आणि प्रत्येक नव्या शब्दाचा अर्थ आपल्या मराठीत लिहीत जावा.

पालकहो, पुस्तक घेण्याआधी त्यातील एक पान मुलाला चालवून पाहू द्या. पुस्तक बदलता येते. 'मी मठ्ठ आहे' हा मुलाच्या मनात बसलेला समज पुसून काढणे फार कठीण असते.