एकतीस मार्चचा आकडा

गेल्या दिवाळीत चिरंजीव व सूनबाई पुण्याहून घरी आले ते आपापल्या लॅपटॉपसह. भाऊबीज झाली आणि सोमवारी सकाळी सव्वानऊला सूनबाई माजघरात कानाला हेडफोन लावून उभी राहिली. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ जणांच्या चमूची प्रमुख आहे. या सभेला ‘स्टँड-अप’ म्हणतात. काल काय केले, आज काय करणार आणि अडचण कोणती, एवढे प्रत्येकाने सांगायचे. पंधरा मिनिटांत सभा संपते. आमच्या वडिलांच्या धान्याच्या पेढीवर मुनीमजी सकाळी गादीवर बसताच साधारण हेच सांगत, त्यामुळे मला ते फारसे परके वाटले नाही.

सभा संपली तरी तिचा चेहरा उतरलेलाच होता. चहाच्या वेळी विचारले, तेव्हा म्हणाली, “पप्पा, आमचा वेग तीन महिन्यांत दीडपट झाला. वरचे साहेब खूश आहेत. पण ग्राहकाच्या तक्रारी तेवढ्याच आहेत. आता टीम पूर्ण क्षमतेने काम करते आहे का, यावर मला टिपण द्यायचे आहे. आणि सर्वांत कमी काम करणारा कोण, तेही त्यात लिहायचे आहे.”

या पद्धतीला ‘अजाइल’ म्हणतात. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड या ठिकाणी सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. आधी सगळी योजना कागदावर पक्की करायची, मग दीर्घकाळ काम करून शेवटी माल द्यायचा आणि तोवर ग्राहकाची गरज बदललेली असायची, या रीतीला ते कंटाळले होते. थोडे थोडे चालते काम द्यावे, ग्राहकाचे म्हणणे ऐकावे आणि त्याप्रमाणे वळावे, असे त्यांचे सांगणे. चालणारे सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप, असेही त्यांच्या तत्त्वांत आहे.

पण व्यवहारात माप वेगळेच घेतले जाते. सूनबाईच्या चमूत दर दोन आठवड्यांच्या टप्प्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. प्रत्येक कामाला त्याच्या अवघडपणाप्रमाणे गुण द्यायचे: 1, 2, 3, 5, 8, 13. (ही संख्यामाला जग फिबोनाचीच्या नावाने ओळखते, त्याचा ग्रंथ 1202 चा. आपल्या आचार्य हेमचंद्रांनी लघु-गुरू मात्रांची वृत्ते मोजताना बाराव्या शतकातच ती सांगितली होती आणि त्यांच्याही आधी विरहांकाने. सूनबाईला हे ठाऊक नव्हते, म्हणून मला थोडा भाव खाता आला.) टप्प्यात पुरी झालेल्या कामांच्या गुणांची बेरीज म्हणजे चमूचा वेग, ‘व्हेलॉसिटी’. पुढच्या टप्प्यात किती काम अंगावर घ्यावे, याचा अंदाज बांधण्यापुरती ती उपयोगी. मात्र साहेबांनी तिचा तक्ता भिंतीवर लावला आणि बढतीशी जोडला.

मी काही वर्षे शाखांच्या तपासणीवर होतो. तिला म्हटले, “बेटा, बेरीज पाहू नकोस, व्हाउचर पाहा. जूनमधली दहा कामे काढ, ऑक्टोबरमधली तशीच दहा काढ आणि शेजारी ठेव.” तिने रात्री बसून तसे केले. जूनमध्ये माहिती भरण्याच्या ज्या साध्या पडद्याला 3 गुण होते, तशाच पडद्याला ऑक्टोबरमध्ये 8 होते. कोणी लबाडी केली होती असे नाही. अंदाज देताना प्रत्येकाचा हात थोडा सैल झाला होता, इतकेच.

मला आश्चर्य वाटले नाही, कारण हे मी स्वतः केले आहे. मी शाखाधिकारी असताना ठेवींचे उद्दिष्ट 31 मार्चच्या शिलकीवर मोजले जाई. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे जाऊन चार दिवसांसाठी रक्कम ठेवण्याची विनंती करीत असे. या मासिकाच्या वाचकांपैकी काहींनी असे उपकार त्यांच्या शाखाधिकाऱ्यांवर केलेही असतील! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे परत जात. एका वर्षी आम्हाला ढालही मिळाली. बँक ऑफ इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये पतधोरणाच्या संदर्भात हेच मांडले होते: जो आकडा नियंत्रणासाठी वापरावा, त्याचा वस्तुस्थितीशी असलेला संबंध तुटू लागतो. एम.कॉम.ला मी पतधोरण शिकलो होतो. अर्थ कळला तो त्या ढालीनंतर.

मात्र त्या काळातली दुसरी एक गोष्ट मी घरी कधी सांगितली नव्हती. ती त्या सकाळी सांगितली.

माझ्या शाखेत एक लिपिक होते. दिवसाला त्यांची व्हाउचर सर्वांत कमी. मी त्यांच्या अहवालात ‘कामाचा वेग कमी’ असा शेरा लिहिला. त्यांची बढती हुकली आणि पुढे बदली झाली. त्यानंतर सहा महिने आमच्या बचत खात्यांच्या लेजरांचा मेळ बसेना. तेव्हा उमगले की ज्याच्या लेजरमध्ये फरक येई, तो त्यांच्याकडे जाई; त्यांचा निम्मा दिवस इतरांच्या चुका शोधण्यात जात असे. ते काम कोणत्याच तक्त्यात नव्हते. ते माझ्यापासून आठ फुटांवर बसत आणि तरी मला दिसले नव्हते.

सूनबाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्याकडे ज्याचे गुण सर्वांत कमी आहेत, त्याच्याच टेबलाशी सगळे जाऊन बसतात.”

पुढचे दोन दिवस ती टिपण लिहीत होती. 2018 च्या ‘एक्सलरेट’ या पुस्तकातली चार मापे तिला माहीत होती: नवे काम ग्राहकापर्यंत किती वेळा पोहोचते, लिहून झाल्यापासून पोहोचायला किती वेळ लागतो, त्यातले किती बिघडते आणि बिघडलेले किती वेळात सुधारते. पहिली दोन वेगाची, पुढची दोन भरवशाची. चारही एकत्र पाहायची, म्हणजे एकाला फुगवले की दुसरे बोलते. तिच्या चमूचा माल पूर्वीइतक्याच वेळा जात होता, बिघाड मात्र वाढले होते.

मला अधिक भावली ती तिची गोदामाची नोंद. आठ जणांच्या हातात एका वेळी चोवीस कामे सुरू होती आणि आठवड्याला सहा पुरी होत. म्हणजे एक काम सरासरी चार आठवडे अडकून राही. हातातली कामे बाराच ठेवली आणि पुरी होण्याची गती तीच राहिली, तर दोन आठवडे. अर्धवट सॉफ्टवेअर म्हणजे गोदामात पडून राहिलेला माल. त्यात पैसा गुंतलेला असतो आणि विक्री शून्य. हे व्यापाऱ्याच्या घरात समजावून सांगावे लागत नाही. तिच्या साहेबांना मात्र तीन वेळा सांगावे लागले.

सर्वांत कमी काम कोणाचे, या रकान्यात तिने नाव लिहिले नाही. महिनाभर कोण कोणाकडे मदतीला गेले, याची नोंद जोडली आणि तो रकाना कोराच ठेवला. साहेबांना ते रुचले नाही. त्या वर्षी तिची स्वतःची वेतनवाढ बेताचीच झाली. चिरंजीव थोडा नाराज झाला. मी काही बोललो नाही.

परवा फोन आला, तेव्हा ती म्हणाली की हातातली कामे आता चौदावर आली आहेत, बिघाड थोडे उतरले आहेत आणि वेगाचा आकडा तर जूनपेक्षाही खाली दिसतो आहे. तो सहकारी अजून चमूत आहे. तक्ताही अजून भिंतीवर आहे.