म्हसावद आणि जिल्ह्याचे अंतर

शहाद्याहून तोरणमाळकडे निघाले की सातपुड्याची निळसर रांग हळूहळू जवळ येते आणि पायथ्याच्या सपाटीवर म्हसावद लागते. बाजाराच्या दिवशी डोंगरातून पावरा आणि भिल्ल बांधव खाली उतरतात. किराणा, कापड, भुसार यांच्या पेढ्या त्यांच्या येण्याकडे डोळे लावून असतात. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी बँकेच्या नोकरीत शहादा तालुक्यात होतो, तेव्हा या गावाशी परिचय जडला.

त्या काळी आमचा जिल्हा धुळे. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराला बिनशेती परवानगीच्या कागदासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागे. तापी ओलांडून, दोंडाईच्यावरून धुळे गाठायचे, साहेब दौऱ्यावर असल्याचे ऐकायचे आणि मुक्काम करायचा. दोन दिवस दुकान बंद. 'जिल्हा' या शब्दाचा अर्थ मला कोशाआधी त्याच्या चेहऱ्यावर वाचता आला.

कोशातही तो पाहिला. हा शब्द अरबी. मूळ अर्थ बरगडी, बाजू. 'तालुका'ही अरबीच, त्याचा अर्थ संबंध. विलायतेतील 'काउंटी'चा उगम लॅटिनमधील 'सोबती' या अर्थाच्या शब्दात आहे: सम्राटाचा सोबती तो काउंट, आणि त्याच्या अंमलाखालचा मुलूख ती काउंटी. नॉर्मन लोकांनी हा शब्द इंग्लंडात नेला. तेथील जुने 'शायर' मात्र त्याआधीचेच. म्हणजे काउंटी कोणाची, हे शब्दच सांगतो. तेथे निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांची तरतूद १८८८ च्या कायद्याने झाली. आपल्याकडेही क्रम तोच राहिला. कलेक्टर आधी आला, लोकांची जिल्हा परिषद १९६२ मध्ये. पहिल्याचे नावच मुळी वसूल करणाऱ्याचे आहे, हे बँकवाल्याच्या नजरेतून सुटत नाही.

आपल्या भागाच्या सीमा किती वेळा हलल्या! अकबराच्या काळी नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार होते. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. जमीन जागची हलली नाही. म्हसावदच्या टपालावरचे जिल्ह्याचे नाव मात्र बदलले.

वाटणी झाली म्हणून सारेच वाटले गेले असे नाही. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आजही धुळे आणि नंदुरबार अशा जोडनावाने चालते. भावांनी चुली वेगळ्या कराव्यात आणि पेढी सामाईक ठेवावी, तसे हे. आपल्या घरांना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही.

अलीकडे त्या दुकानदाराकडे जाणे झाले. गल्ल्यावर आता त्याचा मुलगा बसतो. तो म्हणाला, "काका, सकाळी प्रकाशावरून नंदुरबारला जातो आणि संध्याकाळी दिवाबत्तीला दुकानात असतो." ऐकून समाधान वाटले. तेवढ्यात मीठ-मिरची घ्यायला आलेल्या एका वृद्ध पावरा गृहस्थांना मी सहज विचारले, "बाबा, आपले गाव कुठले?" त्यांनी डोंगराकडे बोट केले. गाव नर्मदेच्या बाजूला, रांगेच्या पलीकडे. जिल्ह्याच्या कचेरीत कधी जाणे होते का, असे विचारताच ते हसले. आदल्या दिवशी घरून निघाल्यावर ते आज म्हसावदला पोहोचले होते. नंदुरबार अजून पुढेच होते.