हजारांतले शंभर

मेजावर मांडून खेळायचे युद्धखेळ युरोपला नवे नाहीत. प्रशियाच्या सैन्याने एकोणिसाव्या शतकातच ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारले होते. मात्र १९८७ साली इंग्लंडमधील ‘गेम्स वर्कशॉप’ने रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा फाशांच्या आणि मोजपट्टीच्या नियमांसोबत एक अवाढव्य आख्यानही जन्माला आले. काळ आजपासून सुमारे अडतीस हजार वर्षांनंतरचा. सुवर्णसिंहासनावर खिळलेला, ना धड जिवंत ना धड मृत असा एक सम्राट, आणि त्याच्या नावाने चालणारे दहा लाख जगांचे निर्दय साम्राज्य.

या साम्राज्याचे निवडक योद्धे म्हणजे ‘स्पेस मरीन’. त्यांच्या एका पथकात, म्हणजे ‘चॅप्टर’मध्ये, सुमारे हजार योद्धे, त्यांच्या शंभरांच्या दहा तुकड्या. पहिली तुकडी सर्वांत अनुभवी वीरांची. असे चॅप्टर साधारण हजार. हिशेब केला तर एका जगाच्या वाट्याला एक योद्धा येतो! लष्करी दृष्टीने हे गणित हास्यास्पदच. पण पुराणातील संख्यांकडे कोणी हिशेबनिसाच्या नजरेने पाहत नाही.

हा योद्धा घडतो कसा, हे पाहिले म्हणजे गौरवाचा रंग उतरू लागतो. रानटी, दरिद्री जगांतून कोवळी मुले निवडली जातात. त्यांच्या देहात, मूळ आख्यानानुसार, एकोणीस नवी इंद्रिये रोवली जातात. मनावर संमोहनाचे संस्कार होतात आणि आईचा चेहरा, गावाची वाट हळूहळू पुसली जाते. उस्मानी सुलतानांच्या जानिसारी फौजेची येथे आठवण व्हावी. तिच्यासाठीही ख्रिस्ती घरांतील मुले उचलून नेली जात. फरक एवढाच की, येथे देहसुद्धा योद्ध्याच्या मालकीचा उरत नाही. त्याच्या मानेत आणि छातीत एकेक ग्रंथी वाढते. पुढच्या योद्ध्यांचे बीज त्यांत असते. तो रणात पडला की वैद्य धावतो, तो बहुधा त्याला वाचवण्याकरिता नव्हे, तर ते बीज काढून घेण्याकरिता.

मग ही पुसलेली स्मृती कोठे जाते? या आख्यानातील उत्तम कथांचा जीव याच प्रश्नात आहे. ‘डार्क एंजल्स’ या चॅप्टरची पहिली तुकडी ‘डेथविंग’ म्हणून ओळखली जाते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कथेत या तुकडीचे वीर दीर्घकाळानंतर आपल्या जन्मग्रहावर परततात. मैदानावर राहणाऱ्या टोळ्यांची ही मुले. पाहतात तो, परग्रहावरील जीवांनी माणसांत शिरून त्यांची वस्ती आतून पोखरली आहे. अंतराळातूनच सारा ग्रह जाळून टाकणे शक्य असते, आणि साम्राज्याच्या रीतीला धरूनही असते. परंतु खाली कोणी आपले उरले असेल, या एका शंकेपायी ते वीर चिलखतांवर पांढरा रंग फासतात आणि पायी खाली उतरतात. त्यांच्या टोळ्यांत पांढरा हा मृत्यूचा रंग. जे विसरायला लावले होते, त्याच्याच रीतीने त्यांनी मरण पत्करले. पुढे हा रंग तुकडीचा गणवेश झाला. शोकाचा गणवेश व्हावा आणि नव्या वीरांनी तो मानचिन्ह म्हणून मिरवावा, ही सैन्याची जुनीच रीत आहे.

‘ब्लड एंजल्स’ची ‘डेथ कंपनी’ याहून दारुण. त्यांच्या रक्तात आपल्या आदिपुरुषाच्या, सँग्विनियसच्या, मरणाची स्मृती वाहते. एखाद्या युद्धाच्या आदल्या रात्री ती उफाळून येते आणि योद्ध्याला वाटू लागते की आपणच सँग्विनियस आहोत. त्याचे चिलखत काळे रंगवतात, वर तांबड्या फुल्या काढतात आणि त्याला सर्वांच्या पुढे सोडतात. महाभारतातील संशप्तक अग्नीसमोर शपथ घेऊन, जाणूनबुजून मरणाकडे गेले होते. या बिचाऱ्यांना शपथेचाही अधिकार नाही. ते दुसऱ्याचेच मरण मरतात.

आणि ज्याला मरूही दिले जात नाही, तो ‘ड्रेडनॉट’: छिन्नविच्छिन्न वीर, यंत्राच्या शवपेटीत जपून ठेवलेला. ‘स्पेस वुल्व्ज’चा ब्योर्न हा त्यांतला सर्वांत वृद्ध. त्याला लढण्यासाठी उठवतात, तसेच जुन्या गोष्टी ऐकण्यासाठीही.

या कथांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: त्या युद्धखोर हुकूमशाहीचा गौरव करतात. तो अगदीच निराधार नाही; सुबक चिलखताची भुरळ उपरोधाहून बळकट असते, आणि हे साम्राज्य आदर्श नसून विडंबन आहे, असे २०२१ साली स्वतः कंपनीलाच जाहीरपणे सांगावे लागले. तरीही वरवरचा गौरव खरवडला की खाली हिरावलेली मुलेच सापडतात. ज्याला ती दिसत नाहीत, त्याने अर्धीच कथा वाचली म्हणायची.

मेजावर मात्र हे सारे इंचभर उंचीचे. जड चिलखतातील वीराला साध्या माऱ्यापासून वाचवायला आजच्या नियमांत फाशावर दोन किंवा अधिक दान पडावे लागते. एक पडला की जखम, आणि जखमा पुरेशा झाल्या की शतकांचा अनुभव उचलून बाजूला ठेवायचा. म्हणूनच की काय, खेळण्यापेक्षा रंगवण्यातच अनेकांच्या रात्री सरतात. डेथविंगचा वीर रंगवताना काही जण आधी काळा हात देतात, तो वाळू देतात, आणि मग हाडासारखा पांढरा रंग पातळ थरांनी चढवतात. सांध्यांत, खाचांत काळे राहते. ते तसेच राहू द्यायचे असते.