लिटरमागे माणसं

तात्यांची जीप वडापला, म्हणजे माणसं भरून भाड्याने चालायला, लागायची, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जपून वापरायची वस्तू म्हणजे डिझेल. पाटण ते कोयनानगर हा त्यांचा पट्टा. बाजारच्या दिवशी कराडपर्यंत जायचे. जीपमध्ये वाड्यावस्त्यांवरची माणसं, त्यांची गाठोडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, टपावर खताची पोती. रात्री जीप दारात लागली की तात्या ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवायचे आणि पट्टीवरचा ओला भाग कंदिलाशी नेऊन बघायचे. मगच हातपाय धुवायला जायचे.

ती जीप मुळात पेट्रोलची, लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्याची ही लेक, वजनाने हजार-अकराशे किलो. तिचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन युद्धाच्या हिशेबाने बनवलेलं होतं आणि युद्धात पेट्रोलचं बिल कुणी प्रवाशाकडून वसूल करत नाही. वडापला ते परवडणं शक्यच नव्हतं. म्हणून त्या काळच्या बहुतेक वडापवाल्यांप्रमाणे तात्यांनीही गॅरेजमध्ये पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं जुनं इंजिन बसवून घेतलं. जीप धूर ओकायला लागली, बोलणं ऐकू येईनासं झालं, पण घर चालू लागलं.

गंमत अशी, की तात्यांच्या जीपचा किलोमीटरचा मीटर मला कळायला लागल्यापासून बंदच होता. ‘ॲव्हरेज किती देते?’ असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “फेरीला किती जाळते ते विचार.” फेरीला इतकं डिझेल आणि फेरीला इतकी माणसं, एवढाच त्यांचा हिशेब. किलोमीटर त्यात कुठे आलाच नाही. भाडं द्यायचं ते माणूस देतो, किलोमीटर देत नाही, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय पक्कं ठाऊक होतं.

पुढे मी एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ अभियंता झालो आणि पाझर तलावांच्या जागा बघत सरकारी जीपमधून हिंडू लागलो. या जीपचा मीटर चालू होता आणि सोबत लॉगबुकही होतं. गाडीला लिटरमागे ९ किलोमीटर ठरवून दिलेले. त्याखाली आकडा गेला की खुलासा मागवला जाई. आता ओढ्याच्या पात्रातून, नांगरटीतून, मुरमाच्या चढावरून लो गिअरमध्ये जाणारी जीप ९ कुठून देणार? पण लॉगबुकात पावसाळा असो, उन्हाळा असो, डोंगर असो की माळ, वर्षभर ९च. आमचे चालकमामा या कामात इतके वाकबगार होते, की टाकीतलं डिझेल आणि वहीतले किलोमीटर यांचं लग्न ते रोज संध्याकाळी लावून देत.

जीप तिथे एवढं डिझेल का पिते, ते मला त्याच नोकरीत नीट समजलं. डांबरी रस्त्यावर चाक फिरवत ठेवायला गाडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का जोर पुरतो. भुसभुशीत वाळूत तोच जोर वीस टक्क्यांवर जातो, कारण चाक दर क्षणी स्वतःच केलेल्या खड्ड्यातून बाहेर चढत असतं. लो गिअर टाकला की इंजिन डांबरी रस्त्यावर फिरतं तितकंच भराभर फिरतं आणि गाडी मात्र माणसाच्या चालीने पुढे सरकते. जागा मोजेपर्यंत इंजिन नुसतंच चालू ठेवलं, तर तासाला अर्धा ते एक लिटर तसंच जातं आणि त्या तासाचे किलोमीटर शून्य. जेसीबीवाला आणि ट्रॅक्टरवाला डिझेल तासावर मोजतात. त्या रानात जीपही त्यांच्याच पंक्तीतली होती, पण लॉगबुकात तासांचा रकानाच नव्हता.

बदली होऊन पुण्यात आलो तेव्हा ‘ॲव्हरेज’ जिथून जाहिरातीत येतं ती संस्था माझ्या फिरण्याच्या वाटेवर आली. वेताळ टेकडीच्या त्या भागाला कोथरूडकर एआरएआयची टेकडी म्हणतात, ते तिथल्या वाहन संशोधन संस्थेमुळे. १९६६ साली सुरू झालेली ही संस्था गाड्यांना प्रमाणपत्र देते. चाचणीत गाडी जागची हलत नाही. चाकं रोलरवर फिरतात, एसी बंद असतो, आणि ठरवून दिलेल्या ११८० सेकंदांच्या वेळापत्रकाप्रमाणे वेग चढतो-उतरतो. वीस मिनिटांत साडेदहा किलोमीटर, वेग कधीही ९०च्या वर नाही. किती इंधन जळलं तेही टाकीत बघत नाहीत. धुराड्यातून आलेल्या वायूंमधल्या कार्बनवरून ते काढतात. दोन गाड्यांची तुलना करायची तर सगळ्यांना एकच परीक्षा हवी, म्हणून ही पद्धत योग्यच. फक्त त्या रोलरवर कुंभार्ली घाट नसतो.

तो घाट मी नंतर स्वतःच्या गाडीने चढू लागलो. २०२० साली नव्या रूपात आलेली थार घेतली, डिझेलची. इंजिन पुन्हा २.२ लिटरचंच, पण १३० अश्वशक्तीचं. विलीजचं ६०चं होतं. गाडी मात्र पावणेदोन टनांच्या घरात गेलेली. सपाट डांबरी रस्त्यावर ८०च्या आसपास चालवली तर ती मला लिटरमागे तेरा-चौदा देते, द्रुतगती मार्गावर १००ला नेली की अकरा. उभ्या काचेची, चौकोनी अंगाची गाडी वाऱ्याला छाती लावून जाते आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०चे १०० केले की तो दीडपटीहून जास्त होतो.

घाटाचा हिशेब एकदा चिपळूणहून वर आल्यावर कागदावर मांडला. एक लिटर डिझेलमध्ये वीजबिलाच्या भाषेत साधारण १० युनिट ऊर्जा असते. त्यातली तीनेक चाकापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. चिपळूणपासून घाटमाथा सुमारे ६०० मीटर उंच. माझ्यासकट अठराशे किलोची गाडी तेवढी उंच उचलायला लागतात जवळजवळ तीन युनिट. म्हणजे रस्त्याची लांबी, वळणं, वारा सगळं बाजूला ठेवलं, तरी नुसतं वर येण्याचं भाडं एक लिटर. उतरताना त्यातलं बरंचसं ब्रेक तापवण्यात जातं. तात्यांच्या पिढीतले ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायचे, जिवावर उदार होऊन चार थेंब वाचवायचे. आताचं इंजिन गिअरमध्ये असताना उतारावर डिझेलचा फवारा आपोआप बंद करतं. न्यूट्रल केलं तर उलट ते चालू ठेवायला डिझेल लागतं.

हे सगळं मी तात्यांना थारमधून नेताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मागे वळून बघत म्हणाले, “ते सगळं खरं, पण मागं दोनच माणसं बसत्यात व्हय? आन् तीबी आज न्हाईत.”

त्या दिवसापासून मी भागाकाराऐवजी गुणाकार करायला लागलो. तात्यांची जीप भरलेली असताना लिटरला ९ किलोमीटर जात असावी. त्यात सोळा माणसं धरली, तर एका लिटरमध्ये एकशे चव्वेचाळीस माणसं एकेक किलोमीटर जायची. माझी थार तेरा देते आणि आत मी एकटा, म्हणजे तेरा. इंजिन सुधारलं, धूर कमी झाला, आणि लिटरमागचं काम अकरा पटींनी घटलं. एसटीची बस लिटरला चार-साडेचार किलोमीटरच जाते, पण पंचेचाळीस जण बसले की तिचा गुणाकार दोनशेच्या आसपास जातो. तात्यांनी जन्मभर जिच्याशी स्पर्धा केली, ती त्यांच्याही पुढे होती. हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, “असंल. पन मोरगिरीसारख्या आडगावाला ती दिसातनं कितींदा यायची?”

या गुणाकारात वडापचं कौतुक करायचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. सोळा माणसं कोंबलेली ती जीप कायद्यात बसणारी नव्हती. मागच्या फळीवर लोंबकळणाऱ्या पोराच्या जिवाची किंमत कुठल्याच लिटरमध्ये धरलेली नसायची. मला ती जीप परत नको आहे. तिचा प्रश्न मात्र हवा आहे.

भाच्याने परवा फोन केला. त्यालाही अशीच उंच, चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची आहे, आणि कुठली किती देते ते हवं होतं. मी त्याला आकडे सांगितले, सपाटीचे, घाटाचे, चिखलाचे वेगवेगळे. मग विचारलं, रोज आत किती जण बसणार? “मी एकटाच,” तो म्हणाला, “कधीमधी ट्रेकला चौघं.” मी म्हटलं, मग ट्रेकपुरती भाड्याने घे, रोज बसने जा, आणि तुझं ॲव्हरेज मला विचारू नकोस, फार चांगलं येईल.