तेल कुठून आलं

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत दोन ओळींत साधारण नऊ-दहा फुटांचं अंतर असतं. वेलींचा पसारा वजा केला की ट्रॅक्टरला उरते ती अरुंद वाट. म्हणून इथे १८ ते २७ एचपीचे छोटे ट्रॅक्टर आले आणि आमच्यासारख्या मेस्त्रींना बारमाही काम मिळालं. त्यातलं मला सगळ्यात जबाबदारीचं वाटतं ते ब्रेकचं गळकं ऑइल सील बदलण्याचं. इंजिन खोललं की चार माणसं बघायला उभी राहतात, ड्रम खोलला की कुणी फिरकत नाही. तरी चालवणाऱ्याचा जीव त्या ड्रमवर अवलंबून असतो.

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक वेगळा, पेडलही दोन. बागेत ओळ संपली की एकाच अंगाचा ब्रेक दाबून जागच्या जागी वळायचं. रस्त्याला लागताना मधली पट्टी लावून दोन्ही पेडल जोडून घ्यायची. एका बाजूचं सील गळून ड्रममधल्या लायनरला तेल लागलं, तर बागेत मालकाला फार तर एवढंच जाणवतं की त्या अंगाला वळताना वेळ लागतोय. तोच ट्रॅक्टर क्रेट भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर आला आणि दोन्ही पेडल एकदम दाबली, की कोरडी बाजू धरते, तेलकट बाजू घसरते आणि ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. त्यात मागून ट्रॉलीचा रेटा. अरुंद ट्रॅक्टर आडवा व्हायला तेवढं पुरतं.

ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत मालक घाईत असतात. “मेस्त्री, सील टाका अन् द्या मोकळा करून, सकाळी फवारणी आहे.” त्यांची घाई खरीच असते. पाऊस पडून गेलाय, डाऊनी रोगाचं भय आहे, एक फवारणी हुकली तर घड हातचे जातात. तरी मी सांगतो, “अण्णा, सील टाकतो लगेच. पण जुनं कशानं गेलं, ते बघू द्या आधी. नाहीतर याच सीलसाठी परत यावं लागंल तुम्हाला.”

बघायची पहिली जागा ड्रमपासून लांब, गिअरपेटीच्या माथ्यावर असते. तिथे ब्रीदर नावाची बोटाच्या पेराएवढी टोपी असते. चालून चालून पेटीतलं तेल तापतं, आतली हवा फुगते आणि ती या टोपीतून बाहेर पडायची असते. बागेतल्या ट्रॅक्टरवर मात्र गंधकाची भुकटी बसते, मोरचूद-चुन्याचे निळसर थर चढतात, वर मातीचा लेप असतोच. टोपी बुजली की कोंडलेला दाब तेलाला सीलच्या कडेतून बाहेर रेटतो. अशा पेटीवर कितीही भारी सील बसवा, ते टिकणार कसं? टोपी काढून डिझेलमध्ये धुवायची आणि तोंडाने फुंकून हवा पार जाते का ते बघायचं. या कामाला पैसा लागत नाही आणि मला वाटतं, निम्मी दुरुस्ती इथेच होते. जाता जाता डिपस्टिकही बघावी. वरच्या खुणेच्या वर तेल भरण्याची सवय पुष्कळांना असते, तीही सीलवरच येते.

मग चाक काढायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही, हाउसिंगखाली लाकडी ठोकळे हवेतच. ड्रम ओढून काढला की आत काळा चिकट लगदा दिसतो. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून सुकी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. जुनं सील उपटण्याआधी ते किती खोल बसलंय ते मोजून ठेवतो. मग शाफ्ट पुसतो, लखलखीत करतो आणि सीलची कड जिथे फिरते त्या जागेवरून अंगठ्याचं नख आडवं ओढतो. नख सरकत गेलं तर ठीक. अडकलं तर तिथे चर पडलाय. रबराने पोलाद झिजवलं हे नव्या पोराला पटत नाही, पण कडेखाली सापडलेली बारीक रेती हे काम करते. डोळ्याला दिसत नाही तो चर नखाला कळतो. चर असेल तर त्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची, किंवा सीलच्या घरात जागा असल्यास नवं सील दोनेक मिलिमीटर आत-बाहेर बसवायचं, म्हणजे कड कोऱ्या जागेवर फिरेल. शाफ्ट हाताने वरखाली हलवूनही बघायचा. बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट डोलतो आणि डोलणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील तग धरत नाही.

नव्या सीलवर तीन आकडे छापलेले असतात, समजा ४५-६२-८. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. काही सीलांवर बाणही असतो. तो फिरण्याची दिशा सांगतो, त्यामुळे अशी डाव्या-उजव्या बाजूची सीलं वेगवेगळी असतात. दुकानात घाईत दोन्ही एकच दिली जातात, म्हणून बाण बघितल्याशिवाय पुडी फोडू नये. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. कडेला बोटाने गिअर ऑइल लावायचं, कारण कोरडी कड पहिल्या फेऱ्यांतच जळते. शाफ्टच्या दात्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, नाहीतर बसवतानाच कड कापली जाते. हातोडी थेट सीलवर मारणारे हात मला बघवत नाहीत. सीलच्या मापाचा पाइपाचा तुकडा धरून, चारी बाजूंनी सारखं, हळूहळू आत न्यायचं.

लायनरच्या बाबतीत मी हट्टी आहे. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुतात, कुणी जाळतातही. वरून ते कोरडे ठणठणीत दिसतात, पण ब्रेक तापला की आत मुरलेलं तेल परत वर येतं. ते बदलायचेच आणि दोन्ही बाजूंचे बदलायचे. एक नवा, एक जुना ठेवला तर पकड पुन्हा विषमच राहते.

काही ट्रॅक्टरांना ड्रमऐवजी तेलात बुडालेल्या डिस्कचे ब्रेक असतात, त्यांची गळती वेगळी. तिथे लिव्हरच्या शाफ्टचा ओरिंग जातो, तेल बाहेर दिसतं, काम लवकर आटोपतं. फक्त पेटीत त्या ब्रेकसाठी सांगितलेलंच तेल घालावं, नाहीतर डिस्क कण्हायला लागतात.

शेवटी अॅडजस्टर लावून ट्रॅक्टर सपाट पडीक रानात नेतो. पट्टी लावलेली, ट्रॉली सोडलेली, चाल हळू. पेडल दाबून खाली उतरतो आणि मातीतल्या दोन्ही घसटी बघतो. एकीकडची लांब आली की पुन्हा अॅडजस्टर. दोन्ही सारख्या येईपर्यंत चावी माझ्याकडे. ती देताना अण्णांना सांगतो, ट्रॅक्टर धुताना प्रेशरचं पाणी अॅक्सलवर रोखू नका, आणि बांधणीची सुतळी चाकाच्या आत गुंडाळलेली दिसली तर तिथल्या तिथे कापून काढा.