रिद्धपूरहून इस्कंदरियाला

कैरोच्या रामसेस स्टेशनातून सकाळी निघालेली गाडी अडीच-तीन तासांत इस्कंदरियाला पोचते. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे बडनेऱ्याहून भुसावळला जावे तेवढेच. हा लोहमार्ग आपल्या बोरीबंदर-ठाणे मार्गाचा जवळजवळ जुळा भाऊ. आपली गाडी १८५३ साली धावली, इस्कंदरियाहून निघालेली गाडी १८५४ साली आणि १८५६ मध्ये ती कैरोला पोचली. आफ्रिका खंडातली ती पहिली रेल्वे. माझा धाकटा भाऊ कैरोत नोकरीला आहे. त्याच्या आग्रहाने अम्मी, माझे पती आणि मी असे तिघे २०२४ च्या सप्टेंबरअखेर तिकडे गेलो होतो. पिरॅमिड पाहून झाले होते. परतीला पाच दिवस उरले तेव्हा भाऊ म्हणाला, "अम्मी, समुद्र पाहायचा का?" अम्मीने आयुष्यात पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे मोर्शीजवळचे अप्पर वर्धा धरण. मुंबईचा समुद्र तिला विमानाच्या खिडकीतून ओझरता दिसला, तो तिने मोजला नाही.

गाडी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातून जाते. दोन्ही बाजूंना कालवे, खजुराची झाडे, गाढवावर चारा लादून चाललेली मुले. तासाभराने पांढरी शेते सुरू झाली आणि अम्मी खिडकीला चिकटली. कापूस! तिकडे वेचणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर. बायका ओळीने वाकून वेचत होत्या, डोक्याला रुमाल बांधलेला, कमरेला ओटी. आमच्या रिद्धपूरच्या शिवारातून उचलून ठेवल्यासारखे चित्र. अम्मीने पंधरा वर्षे वेचणी केली आहे. बोटांना बोंडाची टोके कशी लागतात हे तिला कुणी सांगायला नको. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "बायाबी तशाच, कापूसबी तसाच. पण पाणी पाय त्यायचं!" तिने बरोबर ओळखले. मिसरचा कापूस नाईलच्या पाण्यावर पिकतो, लांब धाग्याचा असतो. आपला वऱ्हाडी कापूस कोरडवाहू, आभाळाकडे पाहत वाढणारा.

या दोन कापसांची एक जुनी गोष्ट आहे आणि ती ठाऊक असली की हे शहर परके वाटत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, भाव आकाशाला भिडले. त्या चार वर्षांत दोन प्रदेशांचे नशीब पालटले : एक मिसर, दुसरा आपला वऱ्हाड. अमरावती आणि खामगावच्या बाजाराला तेव्हा जी तेजी आली, तशीच इस्कंदरियाच्या धक्क्यावर आली. ग्रीक, इटालियन, सिरियन, ज्यू व्यापारी येऊन राहिले, हवेल्या उठल्या. युद्ध संपल्यावर भाव कोसळले आणि कर्जे मात्र शेतकऱ्यांच्या डोक्यावर राहिली, तिकडेही आणि इकडेही. कापसाला अरबीत 'कुत्न' म्हणतात (मिसरी माणूस 'क' गिळून 'उत्न' म्हणतो), आणि इंग्रजांचा कॉटन त्यातूनच निघाला. आमच्या डब्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला भावाने अरबीत सांगितले की ही माझी आई, हीसुद्धा कापूस वेचायची. त्याने उठून अम्मीला सलाम केला. मग दोघांनी भाषेवाचून, नुसत्या हातांनी, बोंडअळीची चर्चा केली. दोघांचेही तोंड वाकडे झाले, यावरून विषय समजला.

शहराचा पहिला अनुभव वाऱ्याचा. सिकंदराने ख्रिस्तपूर्व ३३१ मध्ये वसवलेले हे गाव समुद्राला लांबच लांब पाठ टेकून बसले आहे. किनाऱ्याने कित्येक किलोमीटर धावणारा रस्ता, त्याला कोर्निश म्हणतात. एका अंगाला भूमध्य समुद्र, दुसऱ्या अंगाला जुन्या इमारती. इमारतींचे रंग खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले, छज्ज्यांवर वाळत घातलेले कपडे, खाली कॉफीची दुकाने. श्रीमंती येऊन गेल्याच्या खुणा इथे लपवलेल्या नाहीत, हे मला आवडले. अम्मी कठड्याशी उभी राहिली, थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सुबहानल्लाह. याला पलीकडचा काठच नाही व्हय?"

कोर्निशच्या पश्चिम टोकाला कायतबायचा किल्ला आहे. ममलूक सुलतान कायतबाय याने तो १४७७ ते १४७९ या दोन वर्षांत बांधला. चौकोनी, फिकट दगडाचा, खेळण्यातल्या किल्ल्यासारखा नेटका. पण त्याची जागा पाहायची असते. इथेच जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, इस्कंदरियाचा दीपस्तंभ होता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला, शंभर मीटरहून उंच. भूकंपांनी तो खचत गेला आणि त्याचे पडलेले दगड किल्ल्याच्या बांधणीत गेले.

हा दीपस्तंभ पडताना पाहिलेला एक माणूस आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आहे. तांजियरचा इब्न बतूता १३२६ साली, बाविशीत, इस्कंदरियात उतरला. तेव्हा स्तंभाची एक बाजू ढासळलेली होती. परतीच्या प्रवासात १३४९ मध्ये तो पुन्हा आला, तर आत शिरायलाही वाट उरली नव्हती. पहिल्या भेटीत त्याला बुरहानुद्दीन अल-आरज नावाचे एक बुजुर्ग भेटले. ते म्हणाले, तुला परदेश फिरायची आवड दिसते, तर हिंदमध्ये, सिंधमध्ये आणि चीनमध्ये माझे भाऊबंद आहेत, त्यांना माझा सलाम सांग. हिंदला जायचे त्या तरुणाच्या मनातही नव्हते. पुढे तो दिल्लीत काजी झाला आणि १३४२ च्या सुमारास दौलताबादला आला. देवगिरीचा किल्ला, तळघरातले मांजरांहून मोठे उंदीर, वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे आणि डाळिंबे, मराठ्यांचे खाणेपिणे, सारे त्याने लिहून ठेवले. तिथून तो नंदुरबारकडे गेला. त्याच्याही चारशे वर्षे आधीचा प्रवासी अल-मसूदी. हिजरी ३०४ मध्ये तो आपल्या कोकणातल्या चौलला (अरब त्याला सैमूर म्हणत) होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने नोंदवले. त्याच मसूदीने आपल्या ग्रंथात या दीपस्तंभाचेही वर्णन केले आहे. म्हणजे इस्कंदरिया आणि महाराष्ट्र एकाच वहीत लिहिणारी माणसे हजार वर्षांपूर्वीही होती. किल्ल्याच्या झरोक्यातून खाली गळ टाकून बसलेली पोरे दिसत होती; त्यांना यातले काही घेणेदेणे नव्हते आणि मासेही लागत नव्हते.

आता ज्या जागेसाठी मी खरे तर इथवर आले, तिच्याकडे वळते.

मी मोर्शी तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. माझे गाव रिद्धपूर, महानुभावांची काशी. श्री गोविंदप्रभू तिथले, चक्रधरस्वामींना तिथेच त्यांची भेट झाली, आणि १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी तिथल्या वाजेश्वरीत लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ आमच्या गावचा! म्हाइंभटांची पद्धत मला फार जवळची वाटते. स्वामींच्या सहवासात जे जे होते, त्या प्रत्येकाकडे जाऊन विचारायचे, ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याच तोंडून घ्यायचे आणि नागदेवाचार्यांकडून ते तपासून घ्यायचे. आमच्या मुहद्दिसांनी एकेका हदीससाठी गावोगाव पायपीट करून कथन करणाऱ्यांची साखळी तपासली, हे लहानपणापासून ऐकलेल्या मला वर्गात म्हाइंभट शिकवताना वेगळे काही समजावून घ्यावे लागले नाही.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी हसत हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या खलिफाने जगातली सगळ्यात मोठी लायब्ररी जाळली आणि तुमच्याच सुलतानाने आमचं लीळाचरित्र घालवलं." माणूस वाईट नाही. आजही माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करतो. पण घास घशाशी अडकला तो अडकलाच. त्या दिवसापासून मी या दोन्ही गोष्टी वाचत आले.

इस्कंदरियाच्या प्राचीन ग्रंथालयाचा शेवट एका दिवसात झालेला नाही. ख्रिस्तपूर्व ४८ मध्ये ज्यूलियस सीझरच्या लढाईत आग लागली, ग्रंथ जळाले. पुढे राजाश्रय आटला. इ.स. ३९१ मध्ये तिथल्या बिशपच्या काळात सेरापियमचे मंदिर पाडले गेले. ग्रंथालयाची एक शाखा पूर्वी तिथेच होती. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी शहर घेतले ते त्यानंतर अडीचशे वर्षांनी, ६४१-४२ मध्ये. हजरत उमर (रजि.) यांच्या हुकमाने ग्रंथ हमामखान्यांच्या भट्ट्यांत घातले, ही कथा प्रथम आढळते ती बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्या शतकात, अब्दुल लतीफ बगदादी आणि इब्न अल-किफ्ती यांच्या लिखाणात. म्हणजे घटनेनंतर साडेपाचशे वर्षांनी. त्याच सातव्या शतकातला कॉप्टिक बिशप जॉन ऑफ निकियू अरबांच्या विजयाबद्दल तक्रारीच्या सुरात लिहितो, पण ग्रंथालय जाळल्याचे अक्षरही लिहीत नाही. गिबनसारख्या इंग्रज इतिहासकाराने ही कथा नाकारली, आणि आपल्या अल्लामा शिबली नोमानींनी यावर उर्दूत स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. म्हाइंभटाच्या कसोटीला लावले तर ही लीळा टिकत नाही.

पण दुसऱ्या गोष्टीला मी हेच उत्तर देत नाही. १२९६ पासून दिल्लीच्या फौजा देवगिरीवर येत राहिल्या, हा इतिहास आहे. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यात हिराइसा नावाची एक बाई होती, हे मी मुलींना मुद्दाम सांगते. म्हणूनच त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. पंथीयांनी पुढे पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून. हे सगळे मी वर्गात, जसे आहे तसे शिकवते. स्वारी करणारा सुलतान माझ्या धर्माचा होता म्हणून मी त्याची वकिली का करावी? हरवलेली पोथी माझ्या गावची होती.

नवे ग्रंथालय जुन्याच्या जागेजवळ, समुद्रासमोर उभे आहे. २००२ च्या ऑक्टोबरात ते खुले झाले. आराखडा नॉर्वेतल्या वास्तुकारांचा. छप्पर म्हणजे समुद्राकडे कललेली, १६० मीटर व्यासाची थाळी; सूर्य उगवताना अर्धा पाण्यात असावा तशी. मागची भिंत आस्वानच्या ग्रॅनाइटची, तिच्यावर जगातल्या १२० लिप्यांमधली अक्षरे कोरलेली. मी आणि माझे पती त्या भिंतीभोवती उन्हात फिरत राहिलो. शेवटी पहारेकऱ्याने येऊन काही हरवले आहे का, असे विचारले. आतले वाचनगृह अकरा पायऱ्यांत उतरत जाते, उजेड वरून येतो आणि दोन हजार माणसे बसू शकतात. आम्ही गेलो तेव्हा कॉलेजच्या मुली वह्या पसरून बसल्या होत्या, एक तर चक्क डुलक्या घेत होती. हस्तलिखितांच्या दालनात काचेआडचे कुरआन आणि जुने ग्रंथ पाहताना अम्मीने विचारले, "आपल्या गावच्या पोथ्या अशाच ठेवल्या हाय का?" काही मठांत आहेत, काही विद्वानांनी जमवल्या, डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली छापून आले, असे मी सांगितले. "आन आता ते विद्यापीठ?" तिने विचारले. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाचे वर्ग त्याच वर्षी सुरू झाले होते. तिथेही एक दिवस असे दालन व्हावे. काच नसली तरी चालेल, वाळवी नसावी.

तो गुरुवार होता, ३ ऑक्टोबर. संध्याकाळी कोर्निशवर फूल आणि ताअमिया खात बसलो होतो. फूल म्हणजे मोठ्या तपकिरी दाण्यांची, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेली उसळ. वर तेल, जिरे, लिंबू. ठेचा असता तर वऱ्हाडी पंगतीत खपून गेली असती. तेवढ्यात फोन वाजायला लागला. शाळेच्या गटावर एकामागून एक संदेश : केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पहिला संदेश त्याच सहकाऱ्याचा होता, आणि त्याखाली मला वेगळा : "मॅडम, तुमच्या रिद्धपूरचं अभिनंदन." तुमच्या, असे लिहिले होते. मी त्याला ग्रंथालयाच्या भिंतीचा फोटो पाठवला. 'घरी आल्यावर शिबलींची पुस्तिका मराठीत सांगते,' असेही लिहिले. त्याने चहाचे चित्र पाठवले.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. अन्फूशी भागात मशिदींचा चौक आहे. तिथली मोठी मशीद शेख अबुल अब्बास अल-मुर्सी यांची. ते स्पेनमधल्या मुर्सियाचे. १२८७ मध्ये इस्कंदरियातच वारले. समोर इमाम बूसीरींची मशीद, ज्यांचा 'कसीदा बुर्दा' आपल्याकडेही मौलूदच्या मजलिसीत पढला जातो. रिद्धपूरला म्हाइंभट लीळा गोळा करत होते, त्याच काळात ही माणसे इथे वावरत होती. बायकांची जागा वेगळी आणि स्वच्छ आहे, मुलांचा गोंधळ कुणी मनावर घेत नाही. नमाजनंतर बाहेर ताजे लाल खजूर विकायला होते. जगलूल म्हणतात त्यांना, कुरकुरीत, तुरट-गोड. अम्मीने दोन किलो घेतले, भाव मात्र केला, वऱ्हाडीतून. विक्रेत्याने अरबीतून नकार दिला, मग दोन मुठी वर घातल्या. चारच्या गाडीने आम्ही कैरोला निघालो तेव्हा तिच्या मांडीवर ती पिशवी होती आणि ती खिडकीबाहेर वेचणीच्या बायका कुठवर आल्या ते पाहत होती.