राजगडासमोरचा संन्यास

लिंडिस्फार्नला निघायचं ते भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं हे बेट. तिथं जाणारा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. वाटेत उंच खांबांवर एक खोली बांधलेली दिसते. वेळ चुकलेल्यांनी जीव वाचवायला तिथं चढून बसायचं.

737 मध्ये नॉर्थंब्रियाचा राजा चेओलवुल्फ गादी सोडून या बेटावरच्या मठात आला. मुंडण त्याला नवं नव्हतं. 731 मध्ये त्याला पकडून सक्तीनं मुंडण करून मठात धाडलं होतं. नको असलेल्या राजाला बाद करण्याची ती रीतच होती. पण त्याच वर्षी तो पुन्हा गादीवर बसला. सहा वर्षांनी मात्र तो स्वतःच्या पायांनी आला.

बीड या भिक्षूनं 731 मध्येच इंग्लिश चर्चचा इतिहास पुरा केला आणि तो चेओलवुल्फला अर्पण केला. मसुदाही त्याला आधी वाचायला पाठवला होता. त्यात ईस्ट अँग्लियाचा राजा सिगेबर्ट भेटतो. मठात गेलेल्या सिगेबर्टला त्याच्याच लोकांनी लढाईसाठी ओढून बाहेर काढलं. शस्त्र न धरता, हाती नुसती काठी घेऊन तो रणात गेला आणि मारला गेला. संन्याशाचीही राज्य पाठ सोडत नाही, हे चेओलवुल्फला ठाऊक असणार.

बेटावर आज उभे आहेत ते लाल वालुकाश्माचे भग्नावशेष बाराव्या शतकातल्या मठाचे. शेजारच्या टेकाडावर चढलो, तर दक्षिणेला पाण्यापलीकडे बॅम्बराचा किल्ला. नॉर्थंब्रियाच्या राजांचा गड त्याच खडकावर होता. 635 मध्ये राजा ओस्वाल्डनं हे बेट संत एडनला मठासाठी दिलं, तेव्हापासून गड आणि मठ एकमेकांच्या नजरेत. चेओलवुल्फनं राज्य सोडलं ते असं, राज्याच्या समोर बसून. रिकाम्या हातांनीही तो आला नाही. मठाला त्यानं खजिना आणि जमिनी दिल्या. तोवर दूध-पाण्यावर राहणाऱ्या भिक्षूंना त्याच्यामुळे बिअर आणि वाइनची मुभा मिळाली, असंही नंतरचे बखरकार सांगतात.

त्याच्या जागी आलेला चुलतभाऊ एडबर्ट 758 मध्ये मुलाला, ओस्वुल्फला, गादी देऊन यॉर्कला धर्मसेवेत गेला. वर्षभरातच ओस्वुल्फला त्याच्याच घरच्या माणसांनी ठार केलं. चेओलवुल्फ तेव्हा बेटावर हयात होता. त्या शतकातल्या नॉर्थंब्रियात राजाला म्हातारं व्हायचं असेल, तर त्यातल्या त्यात भरवशाची वाट मठाचीच होती.